सुभेदारांचं स्वतःचं मत

हे आत्ताच सांगायला हवंय. उद्या सांगायला बसले तर त्यातलं निम्मं मी गोड करून टाकीन, मला ती सवयच लागलीय, आईला फोनवर इथलं सगळं गोड करूनच सांगते मी. आत्ता बसमध्ये आहे, पहाटेची शिफ्ट संपवून घरी चाललेय, हाताला अजून यीस्टचा वास येतोय आणि डोळे आपोआप मिटतायत. पण घर यायच्या आत टाईप करून टाकते. चुका दिसल्या तर समजून घ्या, परत वाचायची ताकद नाहीये.

तर मी ओटावात राहते. एका मराठी कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं. दोन वर्षांचं कॉलेज झालं, आता वर्क परमिट आहे, पी.आर.ची, म्हणजे इथं कायम राहायच्या परवान्याची, वाट बघणं चालू आहे, आणि तोवर एका मोठ्या ग्रोसरीच्या बेकरीत पाव भाजते. पहाटे चारला उठायचं, दुपारी दोनला परत. वर काका, काकू आणि काकांचे वडील. काका सॉफ्टवेअरमध्ये, काकू लॅबमध्ये, दोघं संध्याकाळी सहाच्या आत घरी येत नाहीत. म्हणजे दुपारी दोन ते सहा त्या घरात दोनच माणसं, आजोबा आणि मी. मी जेवून झोपायला हवं असतं, पण वरून काठी दोनदा वाजते. दोनदा म्हणजे चहा. तीनदा म्हणजे रिमोट सापडत नाहीये.

आजोबा फौजेतले. आपल्याकडच्या फौजेतले. मी पण साताऱ्याकडचीच, आमच्याकडं फौजेतून रिटायर होऊन आलेला कुणी का असेना, गाव त्याला मेजर म्हणतं. मी पहिल्याच दिवशी "नमस्कार मेजर" म्हणाले तर ते म्हणाले, "मेजर लय वरचा. मी सुभेदार. तू आपलं आजोबा म्हण, त्याला रँक लागत नाही."

आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. आजी गेल्यावर काका त्यांना इकडं घेऊन आले, मग पी.आर. झालं, आणि गेल्या वर्षी सिटिझनशिप. त्यांच्या वयाला टेस्ट नसते, पण त्यांनी टेस्टचं पुस्तक पाठ केलं होतं, सगळ्या प्रांत-राजधान्यांसकट, आणि टेस्ट नाही म्हटल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते म्हणे. शपथ काकांच्या लॅपटॉपवर झाली. इस्त्रीचा कोट, त्यावर मेडल्स. कॅमेऱ्यासमोर स्वतःचं पी.आर. कार्ड कात्रीनं कापून दाखवायला सांगितलं तेव्हा त्यांनी अगदी मधोमध, सरळ रेषेत कापलं. नंतर भारताचा पासपोर्ट रद्द होऊन परत आला. तो एका डब्यात ठेवलाय, मेडल्सच्या खाली. त्याबद्दल ते बोलत नाहीत आणि मी विचारत नाही.

मतदानाचं बोलायचे मात्र. चहाबरोबर रोज. निवडणूक जाहीर झाली आणि त्यांच्या नावाचं मतदाराचं कार्ड पोस्टानं आलं, तेव्हापासून ते कार्ड फ्रिजवर, केळ्याच्या मॅग्नेटखाली.

"तुम्ही कधी मत दिलंय का हो आजोबा?" मी एकदा विचारलं.

"दिलंय की. पण माझं म्हणून नाही दिलं."

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. नोकरीत असताना पोस्टानं मत यायचं. पहिल्या खेपेला ते वर बर्फातल्या चौकीवर होते. रेडिओवर निकाल लागला, नवीन सरकार बसलं, आणि मग खच्चरावरून रॉकेल आलं, त्या रॉकेलबरोबर मतपत्रिका.

"मग काय केलंत?"

"काय करणार. भरली. आली होती ना नावावर."

दुसऱ्या खेपेला वेळेत आली, पण सोबतच्या फॉर्मवर सही करायची राहिली. महिन्याभरानं ऑफिसातला क्लार्क म्हणाला, अरे, तुझं बाद झालं असणार, नंबर नाही, रँक नाही, सही नाही, कुणाचं म्हणून मोजतील ते? "तेव्हापासून," आजोबा म्हणाले, "कागद दिसला की खाली नंबर, रँक, नाव, सही. मग पुढचं पुढं."

हे मला माहीत होतं. म्हणजे डोळ्यांनी बघितलं होतं. माझ्या वाढदिवसाला त्यांनी दिलेल्या कार्डावर आत 'अनेक आशीर्वाद' आणि खाली जेसी नंबर, म्हणजे त्यांचा फौजेतला नंबर, मग सुभेदार, पूर्ण नाव, कंसात निवृत्त. मी ते कार्ड आरशाला लावलंय. रोज पहाटे दात घासताना तो नंबर दिसतो मला. एवढं असून माझ्या डोक्यात आलं नाही, हे लक्षात ठेवा.

रिटायर होऊन गावी आले तर तिथं भावकी. कुणाला द्यायचं ते थोरले भाऊ ठरवायचे, आदल्या दिवशी ओट्यावर बसून, आणि सगळं घर त्याच चिन्हावर शिक्का मारायचं. "थोरल्याच्या तोंडाला तोंड कोण देणार," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं. माझं स्वतःचं असं हे पहिलंच."

मी हसले. म्हटलं, "माझं तर शून्य आहे. अठरा पूर्ण झाले तेव्हा निवडणूक होऊन गेली होती, पुढची आली तेव्हा मी इथं. तिथं नाव आहे तर मी नाही, इथं मी आहे तर नाव नाही."

"मग माझ्याच मताकडं बघ आता तू पण," ते म्हणाले.

त्यांना मत देऊन काय हवं होतं, ते सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. दर नोव्हेंबरात इथं शहीद सैनिकांसाठी कार्यक्रम असतो, स्मारकापाशी. इथले जुने सैनिक ओळीनं उभे राहतात, लाल फुलं लावून. आजोबा दोन वर्षं गेले. कोट, मेडल्स, बस बदलून. आणि दोन्ही वर्षं दोरीच्या अलीकडं, बघ्यांच्यात उभे राहिले. कुणी वाईट वागलं असं नाही. विचारलंच नाही कुणी, आणि ते स्वतः जाऊन विचारणारे नाहीत. एका लहान मुलीनं त्यांच्या मेडल्सना हात लावून बघितला, एवढंच. त्यांचं म्हणणं एवढंच की दुसऱ्या फौजांतून आलेले म्हातारे आता इथलेच नागरिक आहेत, त्यांना पण उभं राहायला एक ओळ द्या. मागं दिली तरी चालेल.

प्रचाराला एक पोरगी दारावर आली होती, कुठल्यातरी उमेदवाराची, हातात टॅब्लेट. आजोबांनी तिला दारातच ही ओळीची गोष्ट सांगायला घेतली, त्यांच्या इंग्लिशमध्ये, निम्मी हिंदी. ती मध्येच म्हणाली, "थँक यू फॉर युअर सर्व्हिस, सर." आजोबा गडबडले. "नो, नो. अदर आर्मी." ती म्हणाली, चालतं की, तरीपण थँक यू. आणि म्हणाली, आधी मत द्या, मग निवडून येईल त्याला पत्र लिहा, मतदाराचं पत्र वाचतातच.

दार लावून आजोबा माझ्याकडं वळले. "ऐकलंस? आधी मत, मग पत्र."

तेव्हापासून त्यांचं ठरलं. मत दिलं की हक्कानं लिहायचं. पत्र त्यांच्या डोक्यात तयार होतं, टाईप मी करायचं.

त्यांचे एक मित्र आहेत. मॉलमध्ये सकाळी म्हातारे लोक कॉफी घेऊन बसतात ना, तिथले. गोरे आजोबा, इथल्या हवाई दलातले. दोघांची भाषा तुटकी पण जमतं. त्या आजोबांनी सांगितलं होतं की नोकरीत असताना जिथं बदली होईल तिथं राहायचं, पण मत मोजलं जायचं ते लांबच्या त्यांच्या जन्मगावात. जिथले रस्ते वापरायचे तिथल्या माणसाला कधी मत देता आलं नाही. रिटायर होऊन इथं ओटावात घर घेतलं तेव्हा कुठं पहिल्यांदा. आमचे आजोबा घरी येऊन म्हणाले, "तिकडं पण तेच बघ. फौजीचं मत कायम प्रवासात."

मतदान सोमवारी होतं. काका म्हणाले होते, ॲडव्हान्स पोल असतो, म्हणजे आधीच्या आठवड्यात पण मत देता येतं, त्याला शनिवारी गाडीनं नेतो. आजोबा नाही म्हणाले. मतदान मतदानाच्या दिवशीच. काका दमलेले असतात, त्यांनी फार ताणलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू आहेस ना दुपारी? नेशील का?"

नेलं. आठ तास उभी राहून आले होते, टाचा ठणकत होत्या, पण नेलं. चालत बारा मिनिटं, त्यांच्या पावलानं पंचवीस. पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात हिवाळ्यातला बर्फाचा ढिगारा अजून काळा पडून उभा होता. मी रस्ताभर त्यांना समजावत होते. शिक्का नसतो, बोटाला शाई नसते, नावासमोर गोल असतो, त्यात फुली मारायची, घडी घालायची, बाईंकडं न्यायची, त्या कडेची चिठ्ठी फाडतील, मग पेटीत टाकायचं. हेल्थ कार्ड आणि मतदाराचं कार्ड खिशात आहे ना? आहे. चष्मा? आहे.

"फुली कशानं मारायची?"

"पेन्सिल असते तिथं."

ते थांबले. भर फुटपाथवर. "पेन्सिल? पेन्सिल खोडता येती की."

"इथं नाही खोडत कुणी."

"पेन चालतं का?"

चालतं, मी बघून ठेवलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढून तळहातावर ओढून बघितलं तर ते उमटेना. म्हणून मी माझं दिलं. बेकरीत ब्रेडच्या ट्रेवर तारीख टाकायचं काळं पेन, ॲप्रनमधून माझ्याबरोबर घरी आलेलं. ते पेन माझं होतं. हे पण लक्षात ठेवा.

शाळेची जिम. बास्केटबॉलच्या रेषा आखलेल्या जमिनीवर टेबलं मांडलेली. गर्दी नव्हती. विणलेला स्वेटर घातलेल्या एक बाई पट्टी लावून यादीतलं नाव शोधत होत्या. त्यांना नाव सापडलं, त्यांनी त्यावर पेन्सिलीनं रेघ मारली, मतपत्रिका फाडली, मागं स्वतःची बारीक सही केली, घडी घालून दिली. मी दारापाशी उभी राहिले. आजोबा पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला फक्त त्यांची काठी दिसत होती, टेबलाला टेकवलेली. मला वाटलं, यादी वाचतायत. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतोच. खरं सांगू, मी तेव्हा भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपले होते, मिनिटभर असेन.

डोळे उघडले तर ते पेटीत कागद टाकत होते. टाकून झाल्यावर एक पाऊल मागं झाले, ताठ उभे राहिले. सॅल्यूट नाही केला, पण करतील असं वाटलं. स्वेटरवाल्या बाई हसल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुणाला दिलंत?"

"ते सांगायचं नसतं. गुप्त असतं ते."

"बरं."

"काकाला पण नाही सांगायचं."

"बरं, आजोबा."

घरी येऊन चहा टाकला. ते खुर्चीत बसले, बूट काढले, आणि खूप दिवसांनी पाय लांब केले. इतके खूश होते की मलाच बिस्किटांचा डबा पुढं केला. आणि म्हणाले, "या खेपेला बाद व्हायचा प्रश्नच नाही. सगळं टाकलंय."

"सगळं म्हणजे?"

"फुली मारली. त्याच्या खाली नंबर, रँक, नाव, सही. जागा कमी होती, बारीक लिहिलं. त्या बाईंनी मागं सही केली तेव्हाच म्हटलं, दोघांची लागत असणार."

मी चहा गाळत होते. गाळतच राहिले. मला नक्की माहीत नव्हतं. मोबाईल घेऊन वॉशरूममध्ये गेले आणि वाचलं. मत कुणाचं आहे ते ओळखू येईल अशी काहीही खूण किंवा लिखाण मतपत्रिकेवर असेल तर ती बाद. तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचलं, तेच.

कुणाला मत दिलं ते त्यांनी आम्हाला कुणाला सांगितलं नाही. आणि खाली नाव लिहून आले.

मी दूध संपलंय म्हणून सांगितलं आणि परत शाळेकडं गेले. धावत नाही, धावायचे पाय नव्हते. स्वेटरवाल्या बाई सँडविच खात होत्या. मी म्हटलं, समजा एखाद्यानं चुकून मतपत्रिकेवर सही केली, तर काय होतं? त्या म्हणाल्या, आधी लक्षात आलं तर आम्ही नवीन देतो. आणि पेटीत टाकल्यावर? त्यांनी सँडविच खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, मग पेटीकडं. "पेटीत गेलं की गेलं, डिअर," असं काहीतरी म्हणाल्या. आवाज फार मऊ होता. त्यांना कळलं असणार कुणाबद्दल विचारतेय ते. मी थँक यू म्हणून निघाले. दूध आणायला विसरले.

काका आल्यावर त्यांना गॅरेजमध्ये गाठलं. सगळं सांगितलं. ते गाडीला टेकून उभे राहिले, लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच.

"पेन कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"अगं तसं नाही विचारत. पेन्सिल असती तर खोडलं असतं का, एवढंच." मग स्वतःच म्हणाले, "कुणाला कळलं असतं म्हणा." बॅग दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाले, "सांगू नकोस त्यांना. एका मतानं काय होतंय इथं. खूश आहेत, राहू देत."

मला ते पटलं. खरंच पटलं. दमलेल्या माणसाला न सांगायचा सल्ला लगेच पटतो.

निकाल लागला. आमच्या भागातला उमेदवार मोठ्या फरकानं आला. आजोबांनी सकाळी मला फोनवर आकडा दाखवायला सांगितला, चष्मा वर सरकवून बघितला आणि म्हणाले, "यांच्यापैकी एक आपलं. नाहीतर समोरच्याच्यात. पण कुठंतरी आपलं आहेच." मी हो म्हणाले. पाव भाजून भाजून माझा चेहरा इतका मख्ख झालाय की काही दिसलं नसेल.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी काठी वाजली, दोनदा. वर गेले तर टेबलावर माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवलेली, काकांचा जुना लॅपटॉप उघडा, शेजारी पाण्याचा ग्लास. कोट घातला होता त्यांनी. पत्र लिहायला.

"घे," ते म्हणाले. "पहिली ओळ. मी आपल्या मतदारसंघातला मतदार आहे. मी या निवडणुकीत मतदान केलं आहे. म्हणून आपल्याला हक्कानं विचारतो."

मी 'डिअर सर' टाईप केलं. पुढं बोटं चालेनात. मी दिवसाला शेकड्यानं ट्रेवर तारखा टाकते, टाईप तर एवढं फास्ट करते की काकू मला शिलाई मशीन म्हणतात, आणि ती एक ओळ मला लिहिता येईना.

"काय झालं गं? स्पेलिंग अडलं?"

"आजोबा, ते मत मोजलं नसणार."

मग मी सगळं सांगितलं. सहीचं, नियमाचं, मी शाळेत परत गेले होते त्याचं, चार दिवस माहीत होतं त्याचं. वाक्यं एकमेकांवर पडत होती माझी. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"काकांना? हो."

"काकूला?"

"हो."

"म्हणजे मला सोडून सगळ्या कंपनीला." ते उठले, कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट घातला. "तेव्हा सही नाही म्हणून बाद," म्हणाले, "आता सही आहे म्हणून." आणि खोलीत गेले.

तीन दिवस काठी वाजली नाही. दोनदा पण नाही, तीनदा पण नाही. तुम्हाला वाटेल मला झोप मिळाली असेल. मी दुपारी आडवी व्हायचे आणि छताकडं बघत आवाजाची वाट बघायचे. काकू वरून डबा आणून द्यायच्या. काका एकदा जिन्यात भेटले, म्हणाले, "म्हटलं होतं तुला." रागानं नाही. त्यांना पण आता घरात दोघांची समजूत काढायची होती, ऑफिसवरून आल्यावर.

मी त्या तीन दिवसांत सारखं एकच ठरवत होते, की सांगायला नको होतं. आणि मग ती ओळ आठवायची, मी मतदान केलं आहे, आणि वाटायचं, ती टाईप करून पाठवली असती तर माझ्याच्यानं रोज आरशावरच्या त्या कार्डाकडं बघवलं नसतं.

हे सगळं काल दुपारपर्यंतचं. काल काठी वाजली. दोनदा.

वर गेले. मॉलमधून आले होते, टोपी अजून डोक्यावर. चहा त्यांनीच केला होता, साखर जास्त. म्हणाले, "त्याला सांगितलं मी. हवाई दलवाल्याला. खोकला लागेपर्यंत हसला."

"आणि?"

"तो एकदा मतं मोजायला बसला होता म्हणे. सांगत होता, पेटी उघडतात, एकेक कागद हातात घेऊन सगळ्यांना दाखवतात. बाद करायचा असला तरी बघूनच करतात. न बघता टाकून देत नाहीत." त्यांनी बशीत चहा ओतला. "म्हणजे माझा नंबर वाचला असेल ना कुणीतरी?"

"वाचला असेल."

"मोठ्यानं?"

"ते माहीत नाही, आजोबा."

"असेल वाचला," ते म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं, आणि त्यांना पण नव्हतं. पण मी फक्त बिस्किटांचा डबा त्यांच्यापुढं सरकवला. गोड मी नाही केलं, त्यांनी केलं, आणि त्यांच्या कपात त्यांनी किती साखर घालावी हे सांगणारी मी कोण.

मग मी त्यांना म्हटलं की मी वाचलंय, पत्र लिहायला मत दिलेलंच असावं लागत नाही. खासदार सगळ्यांचा असतो, ज्यानं नाही दिलं त्याचा पण, ज्याचं बाद झालं त्याचा पण.

"तुझा पण?"

"हो. इथं राहते ना."

"मग तू का नाही लिहीत? तुझं ते पी.आर. कुठं अडकलंय ते विचार की."

दोन वर्षं मी रोज वेबसाईट उघडून बघते आणि बंद करते, कुणाला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मला वाटायचं, मी मोजणीत नाही, मग बोलायचं कशाला.

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "लिही. पहिली ओळ बदल. 'मतदान केलं आहे' काढ. 'मतदान करायला आलो होतो' असं लिही."

लिहिलं. मग नोव्हेंबरातली दोरी, मेडल्सना हात लावणारी ती लहान मुलगी, दुसऱ्या फौजांतले म्हातारे, एक ओळ, मागं असली तरी चालेल. फार विनवणी नको, असं दोनदा म्हणाले. एका पानात बसलं. काकांच्या प्रिंटरला शाई कमी होती, पत्र फिकट आलं, पण आलं.

ते सही करायला बसले. माझं तेच काळं पेन, त्यांच्याकडंच राहिलं होतं. कागदावर टेकवलं आणि थांबले. मान वर करून माझ्याकडं बघितलं, एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, पहिलीतल्या मुलासारखं.

"इथं चालतं ना?"

"इथं लागतंच, आजोबा."

मग त्यांनी लिहिलं. नंबर. रँक. नाव. सही. जागा भरपूर होती तरी बारीकच लिहिलं.

पाकीट माझ्या बॅगेत आहे. सकाळी शिफ्टच्या आधी टाकायचं होतं, विसरले, आता स्टॉपवर उतरले की कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत टाकते. उत्तर येईल का, माहीत नाही. पुढच्या निवडणुकीला ते पंच्याऐंशीचे असतील, आणि मी तेव्हा पण बहुतेक सिटिझन नसेन. हा हिशोब मी त्यांच्यापुढं केला नाही, त्यांनी आधीच केला असणार.

माझा स्टॉप येतोय. तेवढं एक विचारते, कारण मला खरंच कळत नाहीये. तुमच्या घरात कधी असं झालंय का, की एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी वाया गेलंय, त्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे, आणि सांगायचं का नाही ते तुमच्यावर येऊन पडलंय? तुम्ही सांगितलंत का? आणि सांगितल्यावर काठी परत वाजायला किती दिवस लागले?